नव्या भागात फॅमिली डॉक्टर कसा शोधावा?

वाटसरू_वाकड

पुण्याच्या वाकड, ताथवडे, पुनावळे, बालेवाडी या पट्ट्यात जवळपास प्रत्येक मोठ्या सोसायटीखाली दाताचा दवाखाना आहे, त्वचारोगतज्ज्ञ आहेत, फिजिओथेरपी आहे. पण साधा ताप, आईवडिलांच्या बीपीच्या गोळ्या, पोराचा खोकला हे सगळं एका ठिकाणी बघणारा डॉक्टर शोधून काढावा लागतो. मग लोक सर्दीलासुद्धा मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत जातात. तिथे दर वेळी नवा चेहरा, नवा केसपेपर आणि त्याच तपासण्या पुन्हा.

डॉक्टरांची नावं आणि फोन नंबर कृपया इथे टाकू नका. त्या यादीचा उपयोग एकाच भागाला होतो आणि तीही वर्षभरात शिळी होते. नावं मिळवायची कुठून, पाटी कशी वाचायची, पहिल्या भेटीत काय बघायचं आणि कोणत्या गोष्टी दिसल्या की दुसरीकडे जायचं, यावर माहितगारांनी लिहावं.

जुना_जीपी

घरात सगळे ठणठणीत असताना शोधायला लागा. अंगात १०३ ताप असताना माणूस जो उघडा दिसेल त्या दवाखान्यात शिरतो.

नावं मिळवायला तीन जागा चांगल्या: मेडिकल स्टोअर, रक्त घ्यायला घरी येणारा लॅबचा माणूस आणि इमारतीतले सत्तरीपुढचे रहिवासी. मेडिकलवाल्याला ‘चांगला डॉक्टर कोण?’ असं विचारलंत तर तो शेजारच्या दवाखान्याचं नाव घेईल, कारण तिथल्या चिठ्ठ्या त्याच्याकडेच येतात. त्याऐवजी ‘तुमच्या घरचे कोणाकडे जातात?’ आणि ‘कोणाच्या चिठ्ठीवर औषधं कमी असतात?’ हे विचारा. लॅबच्या माणसाला कोण डॉक्टर नेमक्या दोन तपासण्या लिहितो आणि कोण सरसकट पॅकेज लिहितो, ते पाठ असतं. ज्येष्ठांना विचारायचे प्रश्न वेगळे: रात्री फोन उचलतात का? उठता न येणाऱ्या पेशंटकडे घरी येतात का? ‘हे माझ्याकडचं नाही, तज्ज्ञाला दाखवा’ असं कधी म्हणाले का? शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर ते नाव यादीत वर घ्या.

गुगलवरचे तारे मोजू नका, एक-दोन तारेवाल्या तक्रारी वाचा. ‘सर्दी होती तरी अँटिबायोटिक दिलंच नाही’, ‘सलाईन लावा म्हटलं तर नको म्हणाले’ अशी तक्रार असेल तर तिथे जरूर जा. ‘तासभर बसवून ठेवलं’ याने फारसं बिघडत नाही. ‘काय झालंय ते सांगितलंच नाही’ किंवा ‘बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट चालणार नाही म्हणाले’ असं तीन-चार वेगवेगळ्या लोकांनी लिहिलं असेल तर जपून.

अंतराचंही बघा. पायी किंवा रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांपलीकडचा डॉक्टर ऐनवेळी उपयोगी पडत नाही. दवाखाना पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, हे गुडघेदुखीवाल्या आईसाठी मोठं कारण आहे. सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा डॉक्टर स्वतः बसतात का आणि गावाला गेले तर पेशंट कोणाकडे पाठवतात, हे रिसेप्शनवर दोन मिनिटांत कळतं.

शमी_७

पाटीवर एका नावापुढे चार-पाच पदव्या असतात. त्यातली कामाची कोणती हे कसं ओळखायचं?

जुना_जीपी

आधी मूळ पदवी बघा. एमबीबीएस म्हणजे आधुनिक वैद्यकाची पदवी. त्यापुढे डीएनबी किंवा एमडी फॅमिली मेडिसिन असेल तर त्या डॉक्टरने तीन वर्षं याच विषयाचं शिक्षण घेतलंय: बालरोग, स्त्रीरोग, मेडिसिन, शस्त्रक्रिया, मनोविकार या सगळ्या विभागांत फिरून. असे डॉक्टर आपल्याकडे अजून थोडे आहेत. नुसता एमबीबीएस असलेला, एकाच जागी वीस वर्षं बसणारा जनरल प्रॅक्टिशनर हाही उत्तम फॅमिली डॉक्टर असू शकतो. एमडी मेडिसिन हे फिजिशियन. गुंतागुंतीचा मधुमेह, थायरॉइड, हृदयविकार यांसाठी ते योग्य, पण पोराचं कान दुखणं आणि आजीच्या पायाची जखम ते बघतीलच असं नाही.

नावापुढे ‘एमडी ए.एम.’ (अल्टरनेटिव्ह मेडिसिन) किंवा इलेक्ट्रोहोमिओपॅथीची पदविका असेल तर त्या जोरावर आधुनिक औषधं देता येत नाहीत. अशा पाटीपासून लांब राहा.

आता नोंदणी. एमबीबीएस आणि त्यापुढच्यांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते. दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी त्या काळात शिक्षण कार्यक्रमांचे ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. परिषदेच्या संकेतस्थळावर नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून शोधता येतं. परराज्यातून आलेला डॉक्टर असेल तर राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नोंदवहीत बघा. नाव टाकून सापडलं नाही की लगेच बोगस समजू नका. लग्नाआधीच्या नावाने नोंदणी असते, स्पेलिंग वेगळं असतं. क्रमांकाने शोधलं की हा गोंधळ मिटतो. हा क्रमांक दवाखान्यात लावणं, चिठ्ठीवर आणि पावतीवर छापणं डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे. तोच कुठे दिसत नसेल तर विचारा. नोंदणी असलेला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही.

निशिगंध_ना

आमच्या बाजूला दोनच दवाखाने आहेत, एक बीएएमएस (आयुर्वेद) आणि एक बीएचएमएस (होमिओपॅथी). दोघंही अ‍ॅलोपॅथीची औषधं देतात. हे कायद्यात बसतं का, आणि त्यांच्याकडे जाऊच नये का?

जुना_जीपी

कायद्याचं आधी. बीएएमएस डॉक्टरांना महाराष्ट्रात १९६१ च्या वैद्यक व्यवसायी अधिनियमातल्या तरतुदींनुसार, त्यांनी जेवढं शिक्षण घेतलंय तेवढ्या मर्यादेत, आधुनिक औषधं वापरता येतात. होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी २०१४ मध्ये कायदा बदलला आणि सीसीएमपी हा एक वर्षाचा आधुनिक औषधशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांना मर्यादित परवानगी मिळाली. डॉक्टरांच्या संघटनांचा त्याला विरोध आहे आणि प्रकरण न्यायालयातही गेलेलं आहे. तेव्हा बीएचएमएस डॉक्टरांना ‘सीसीएमपी केलंय का?’ हे सरळ विचारा. बीएएमएसची नोंदणी महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेकडे आणि बीएचएमएसची होमिओपॅथी परिषदेकडे, अशा महाराष्ट्रात वेगळ्या परिषदा आहेत. ती नावं आधी तिथे शोधा.

जावं की नाही? सर्दी, जुलाब, जखमेचं ड्रेसिंग, बीपी मोजणं यासाठी जवळचा, नेहमीचा, वेळेत पुढे पाठवणारा डॉक्टर कोणत्याही पदवीचा असला तरी त्याचा आधार मोठा असतो. पण इन्सुलिन सुरू करणं, रक्त पातळ करणारी औषधं, मिरगी, गरोदरपण, सहा महिन्यांच्या आतलं बाळ यांसाठी एमबीबीएस किंवा संबंधित तज्ज्ञच हवा. यात मी तडजोड सुचवणार नाही.

परिचारिका_सु

पहिल्या भेटीत काय बघायचं, त्यावर लिहिते. तापासाठी जाण्यापेक्षा पहिली भेट बीपी तपासायला किंवा टीडीचं (धनुर्वात-घटसर्पाचं) इंजेक्शन घ्यायला ठेवा. गर्दी कमी असते, डॉक्टरांना बोलायला वेळ असतो.

बीपी कसं घेतात याकडे नीट बघा, त्यावरून त्या दवाखान्याची शिस्त कळते. पेशंटला आधी पाच मिनिटं शांत बसवायला हवं. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय टाकलेला नको. हात टेबलावर, छातीच्या पातळीत. पट्टा उघड्या दंडावर, शर्टाच्या बाहीवरून नाही. पट्ट्यातला फुगा दंडाच्या घेराच्या साधारण ८० टक्के भागाला वेढणारा हवा. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर बीपी खोटंच जास्त दिसतं आणि नको असलेली गोळी आयुष्यभर मागे लागते. अर्ध्या तासात चहा, कॉफी, तंबाखू नको. मोजताना बोलणं बंद. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दुसऱ्यांदा मोजायचं. जिना चढून धापा टाकत आलेल्या माणसाला खुर्चीत बसवून लगेच पट्टा बांधला आणि १६० आलं म्हणून गोळी लिहिली, तर ते निदान कच्चं आहे. चांगला डॉक्टर आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजून आकडे लिहून आणायला सांगतो. साठीपुढच्यांचं बीपी उभं करूनही बघायला हवं. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर रात्री बाथरूमला जाताना तोल जाऊन पडण्याचा धोका असतो.

स्वच्छतेचं: इंजेक्शनची सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघाली पाहिजे आणि वापरल्यावर सुई कापून पांढऱ्या टणक डब्यात गेली पाहिजे. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम एक खोलीच्या दवाखान्यालाही लागू आहेत. लसी देत असतील तर फ्रिजचं तापमान २ ते ८ अंशांत हवं. आत थर्मामीटर आहे का बघा. लसी दारातल्या कप्प्यात ठेवलेल्या नकोत, आणि त्याच फ्रिजमध्ये दूध-डबा तर नकोच.

आणि तपासतात का? खोकल्याला स्टेथोस्कोप उघड्या पाठीवर लागतो का, पोटदुखीला झोपवून पोट दाबून बघतात का, औषध लिहिण्याआधी ‘कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे? बाकी कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ हे विचारतात का. हे दोन प्रश्न न विचारता चिठ्ठी लिहिणाऱ्याकडे आईवडिलांना नेऊ नका.

केमिस्टकाका

चिठ्ठीचं मी सांगतो. औषधाचं मूळ नाव, शक्यतो कॅपिटल अक्षरांत, सुवाच्य लिहावं असा नियम २०१६ पासून आचारसंहितेत आहे. डोस, दिवस, जेवणाआधी की नंतर, आणि खाली नोंदणी क्रमांक. १-०-१ म्हणजे सकाळी आणि रात्री, हे बहुतेकांना माहीत असतं. पण ‘एसओएस’ लिहिलेली गोळी लागेल तेव्हाच घ्यायची असते, ती रोज घेऊन संपवणारे बरेच पेशंट असतात. ‘एचएस’ म्हणजे झोपताना.

साध्या सर्दी-खोकल्याला पहिल्याच दिवशी अ‍ॅझिथ्रोमायसिन किंवा सेफिक्झिम, सोबत एक स्टिरॉइड, एक अँटासिड आणि एक व्हिटॅमिन अशी चार औषधं येत असतील तर त्या डॉक्टरकडे दुसऱ्यांदा जाण्याआधी विचार करा. सर्दीचे विषाणू अँटिबायोटिकने मरत नाहीत. अनेक अँटिबायोटिकच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते, ती बघायची सवय लावा. सेफिक्झिमसारखी काही औषधं एच१ यादीत आहेत. ती विकताना आम्हाला डॉक्टरचं, पेशंटचं नाव वेगळ्या वहीत लिहून तीन वर्षं जपावं लागतं. म्हणून चिठ्ठी मागितली तर रागावू नका.

पुडीबद्दल. स्वतःच्या पेशंटला दवाखान्यातून औषध द्यायची डॉक्टरांना मुभा आहे, पण पाकिटावर डॉक्टरांचं नाव-पत्ता आणि डोस असायला हवा. कागदात बांधलेल्या, स्ट्रिपमधून काढलेल्या सुट्या गोळ्या, एक लाल, एक पांढरी, अर्धी पिवळी, हे जिथे चालतं तिथे औषधांची नावं लिहून मागा. त्यामागचं कारण: रात्री अंगावर पुरळ उठलं किंवा चक्कर आली तर हॉस्पिटलमध्ये पहिला प्रश्न ‘काय घेतलं?’ हाच असतो. ‘त्यांच्या गोळीने एका दिवसात बरं वाटतं’ अशी ख्याती असेल तर पुडीत डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असण्याची शक्यता धरा. दमा, सांधेदुखी यांवर अशा पुड्या महिनोन्महिने चालतात. साखर वाढते, चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होतात. मात्र अशी पुडी बरेच दिवस चालू असेल तर एकदम बंद करू नका. शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड तोवर दबलेलं असतं आणि एकदम थांबवल्यास बीपी कोसळू शकतं. दुसऱ्या डॉक्टरला दाखवून हळूहळू कमी करून घ्यावं लागतं.

शमी_७

खूप उपयोगी, काका. लहान मुलांच्या औषधांचंही लिहाल का? आणि बालरोगतज्ज्ञ वेगळे लागतात की फॅमिली डॉक्टर पुरतात?

केमिस्टकाका

मुलाचं वजन काट्यावर न करता औषध लिहिणाऱ्या डॉक्टरकडे मूल नेऊ नये, एवढं साधं आहे. पॅरासिटामॉल दर किलोला १५ मिलिग्रॅम, दोन डोसमध्ये सहा तास. १० किलोच्या बाळाला १५० मिलिग्रॅम. आता दुकानात तीन प्रकार मिळतात. ५ मिलीत १२५ असलेलं सिरप: ६ मिली द्यायचं. ५ मिलीत २५० असलेलं सिरप: ३ मिली. आणि ड्रॉप्स, ज्यात १ मिलीतच १०० मिलिग्रॅम असतं: दीड मिली. चुका इथेच होतात. चिठ्ठीवर नुसतं ‘६ मिली’ लिहिलं असेल आणि घरात २५० ची बाटली पडलेली असेल तर डोस दुप्पट जातो. ड्रॉप्स सिरपच्या मापाने दिले तर चौपट. म्हणून चिठ्ठीवर मिलीबरोबर बाटलीची ताकद लिहून घ्या आणि चमच्याऐवजी सुई नसलेल्या सिरिंजने मोजा.

निमेसुलाइड १२ वर्षांखालच्यांना देण्यावर २०११ पासून बंदी आहे. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापायचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. तुमच्या डॉक्टरने तरीही दोन वर्षांच्या बाळाला ते लिहिलं, तर नम्रपणे पण नक्की विचारा.

परिचारिका_सु

दुसऱ्या प्रश्नावर माझं मत. पहिल्या दोन वर्षांत लसी, वजन-उंचीची वाढ, डोक्याचा घेर हे बघायला बालरोगतज्ज्ञ असावेत. त्यानंतरच्या शाळेतल्या सर्दी-जुलाबाला फॅमिली डॉक्टर पुरतात. घरात कोणाला क्षयरोग झाला, कोणाला दमा आहे हे त्यांना ठाऊक असतं, त्याचा मुलाच्या खोकल्याचं निदान करताना उपयोग होतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर मात्र थेट बालरोगतज्ज्ञ किंवा हॉस्पिटल, रात्र असो की दिवस.

रक्तलघवी

लॅबच्या बाजूने लिहितो. पावसाळ्यात ताप आला की पहिल्याच दिवशी ‘फीवर प्रोफाइल’ (तापाच्या सगळ्या तपासण्यांचं पॅकेज) लिहिणारे डॉक्टर आणि ‘तिसऱ्या दिवशी ताप राहिला तर या’ म्हणणारे डॉक्टर यांत फरक आहे. डेंगीची एनएस१ चाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, आयजीएम साधारण पाचव्या दिवसानंतर. टायफॉइडची विडाल पहिल्या आठवड्यात बहुधा निगेटिव्ह येते आणि जुन्या संसर्गाने किंवा लसीने उगाच पॉझिटिव्हही दिसते. एकाच विडालवर ‘टायफॉइड’ म्हणून चौदा दिवसांची इंजेक्शनं सुरू होतात, हे थांबायला हवं. संशय पक्का असेल तर अँटिबायोटिक सुरू होण्याआधी ब्लड कल्चर पाठवायचं. आधी दोन दिवस गोळ्या देऊन मग कल्चर पाठवलं तर जंतू उगवत नाहीत. मलेरियाची स्मिअर (काचेवर रक्त पसरून बघणं) मात्र थंडी-ताप असताना लगेच, पहिल्याच दिवशी.

डेंगीत सगळे प्लेटलेट मोजत बसतात. डॉक्टर हिमॅटोक्रिट, म्हणजे रिपोर्टवरचं पीसीव्ही, बघतात का? रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागलं की ते वाढतं. धोका ताप उतरतानाच्या दिवसांत असतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. चांगला फॅमिली डॉक्टर पॅरासिटामॉलशिवाय दुसरी वेदनाशामक गोळी देत नाही, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकने रक्तस्राव वाढू शकतो. आणि निघताना सांगतो: पोटात खूप दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, लघवी कमी झाली, माणूस मलूल झाला तर ताप नसला तरी त्याच क्षणी हॉस्पिटल. औषधांच्या नावांपेक्षा हे ‘कधी परत यायचं’ सांगणं जास्त महत्त्वाचं आहे. पहिल्या भेटीत मुद्दाम विचारून बघा, ‘काय झालं तर लगेच यायचं?’ उत्तर नेमकं मिळालं तर डॉक्टर सापडला म्हणा.

मधुमेहवाल्यांसाठी: साखर आटोक्यात नसेल तर एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) दर तीन महिन्यांनी, स्थिर असेल तर सहा महिन्यांनी. वर्षातून एकदा क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, कोलेस्टेरॉल, डोळ्याच्या पडद्याची तपासणी आणि पाय. पायाला बारीक नायलॉनचा तंतू टेकवून संवेदना बघतात, त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत, पण मोजे काढायला सांगणारे डॉक्टर कमी आहेत.

दूरदेशी_म

आईवडील पुण्यात, मुलं परदेशात, अशी घरं खूप आहेत. मुलांनी व्हॉट्सअ‍ॅपवरून डॉक्टरांशी बोलून औषध मागवलं तर ते नियमात बसतं का?

जुना_जीपी

२५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यानुसार फोनवर किंवा व्हिडिओवर सल्ला देता येतो. पहिल्यांदाच बोलत असाल तर पुष्कळशी औषधं व्हिडिओवर बघूनच लिहिता येतात. आधी प्रत्यक्ष तपासलेल्या पेशंटच्या चालू गोळ्या पुढे लिहून द्यायला अडचण नाही. शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीतली आणि अमली पदार्थ कायद्याखाली येणारी औषधं फोनवर लिहिता येत नाहीत, झोपेच्या बऱ्याचशा गोळ्या त्यात मोडतात. तेव्हा ‘बाबांना झोप येत नाही, अल्प्राझोलाम पाठवा’ म्हटल्यावर डॉक्टर नाही म्हणाले तर ते बरोबरच वागतायत.

मुलांनी करायचं एवढंच. सुट्टीत आलात की आईवडिलांना घेऊन एकदा प्रत्यक्ष भेटा, आणि ‘माझी मुलगी किंवा मुलगा माझ्या तब्येतीबद्दल डॉक्टरांशी बोलू शकतो’ असं वडिलांच्या सहीने लिहून केसपेपरला लावा. पेशंट सोबत नसताना नातेवाइकाशी बोलायला तसा आधार लागतो. घरी व्हिजिटची फी आधी विचारून ठेवा. शेजाऱ्यांपैकी एकाचा नंबर डॉक्टरांकडे आणि डॉक्टरांचा त्या शेजाऱ्याकडे द्या. रात्री दार उघडणारा तोच असतो.

सावंतवाडीकर

इथे सगळं पुण्याचं चाललंय, तालुक्याचं मी लिहितो. सपाट भागात ३० हजार आणि डोंगराळ-आदिवासी भागात २० हजार लोकवस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं असा निकष आहे. उपकेंद्रांवर आता समुदाय आरोग्य अधिकारी असतात. बीपी-शुगरची तपासणी आणि महिन्याच्या गोळ्या तिथे फुकट मिळतात. त्या घ्यायला शहरात जायची गरज नाही. शहरांत महापालिकेचे दवाखाने आणि ‘आपला दवाखाना’ हे त्याच कामाला आहेत.

खेड्यात डॉक्टर निवडताना मी एकच गोष्ट विचारेन: इथले ताप त्यांना माहीत आहेत का? सिंधुदुर्ग-रत्नागिरीत भातलावणीच्या दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणं आणि डोळे लाल असतील तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) विचार व्हायलाच हवा. दोडामार्ग, बांदा या पट्ट्यात जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंत काजूच्या बागेत किंवा जंगलात जाणाऱ्याला ताप आला तर माकडताप. विदर्भात पावसाळ्यानंतर स्क्रब टायफस, ज्यात काखेत किंवा जांघेत चटका लागल्यासारखी काळी खपली असते. कपडे काढून शोधली तरच ती सापडते. लेप्टो आणि स्क्रब टायफस दोन्हींना डॉक्सिसायक्लिन ही स्वस्त गोळी चालते, पण पहिल्या दिवसांत सुचली पाहिजे. शहरातून नवा आलेला डॉक्टर असेल तर तुम्हीच सांगा: शेतात पाण्यात उभा होतो, जंगलात गेलो होतो, गोचीड चावली होती.

वाटसरू_वाकड

सर्वांचे आभार. दोन प्रश्न राहिले. तज्ज्ञांकडे पाठवतात तेव्हा त्यात कटचा, म्हणजे पेशंट पाठवण्याच्या कमिशनचा, भाग किती हे ओळखता येतं का? आणि जुन्या डॉक्टरकडचे कागद मागता येतात का?

जुना_जीपी

कटला आळा घालायचा कायद्याचा मसुदा राज्यात २०१७ मध्ये तयार झाला होता, तो पुढे गेला नाही. आचारसंहितेत मात्र पेशंट पाठवण्याबद्दल पैसे घेणं-देणं आजही निषिद्ध आहे. चिठ्ठीवरून बराच अंदाज येतो. प्रामाणिक चिठ्ठीत तक्रार किती दिवसांची, काय सापडलं, काय दिलं आणि तज्ज्ञांना विचारायचं काय, हे असतं. नुसतं हॉस्पिटलचं नाव आणि ‘एमआरआय’ एवढंच लिहिलेलं असेल तर विचारा, ‘या रिपोर्टने उपचारात काय बदलेल?’ आणि ‘हीच तपासणी दुसऱ्या सेंटरला करू का?’ दुसरीकडे करायला हरकत नाही म्हणाले की शंका बरीचशी मिटते. सगळ्याच पाठवण्यांवर संशय घेऊ नका. वेळेत न पाठवणारा डॉक्टर जास्त नुकसान करतो.

कागद मागता येतात. पेशंटने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात, आणि डॉक्टरांनी त्या तीन वर्षं जपायच्या असतात. लेखी अर्ज द्या, एका प्रतीवर पोच घ्या. पण छोट्या दवाखान्यांत केसपेपर म्हणजे चार ओळींचं कार्ड असतं, तेव्हा आपली फाइल आपल्याकडेच हवी.

परिचारिका_सु

फाइलमध्ये सर्वांत वर एक कागद ठेवा: नाव, जन्मवर्ष, रक्तगट, अ‍ॅलर्जी, झालेल्या शस्त्रक्रिया वर्षासकट, चालू औषधं मूळ नावाने आणि डोसाने. त्याखाली शेवटचा ईसीजी. हा जुना ईसीजी फार कामाचा असतो, छातीत दुखलं तर नव्याशी ताडून बघता येतं. त्यानंतर रिपोर्ट तारखेप्रमाणे. थर्मल कागदावरचे प्रिंट काही महिन्यांत पुसट होतात, आल्या दिवशीच फोटो काढून ठेवा.

आणि कोणत्या वेळी फॅमिली डॉक्टरकडे जाऊ नये, हेही त्याच कागदाच्या मागे लिहा. छातीत दाब आणि घाम, तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं: थेट १०८ किंवा गाडीने मोठं हॉस्पिटल. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. दवाखान्याबाहेर नंबर लावून बसण्यात त्यातला तास जातो. कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, मग महापालिका किंवा सरकारी रुग्णालय. जखमेतून रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागतं, ते छोट्या दवाखान्यात सहसा नसतं. साप चावला तर तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, वाटेत कुठेही न थांबता.

निशिगंध_ना

पहिल्या भेटीला घरातल्या सगळ्यांना एकदम न्यावं का?

जुना_जीपी

नको, गर्दीत कोणाचंच नीट होत नाही. आधी ज्यांच्या गोळ्या रोज चालू आहेत त्यांना न्या, सकाळी दवाखाना उघडल्या उघडल्या किंवा दुपारी बंद व्हायच्या अर्धा तास आधी. सोमवार आणि सुट्टीनंतरचा दिवस टाळा. चालू औषधांच्या स्ट्रिप पिशवीत घालून तशाच न्या, यादीत राहून गेलेल्या गोळ्या पिशवीत सापडतात. आयुर्वेदिक चूर्ण, होमिओपॅथीच्या गोळ्या, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली गॅसची गोळी, सगळं त्यात हवं.